टेझुकांच्या ‘फिनिक्स’मधला ‘कर्म’ खंड: वाचकांचे नेहमीचे प्रश्न

ओसामू टेझुकांच्या ‘फिनिक्स’ या मांगामालिकेतला (मांगा म्हणजे जपानी चित्रकथा) ‘कर्म’ खंड वाचून झाला की बहुतेकांच्या तोंडून आधी एकच वाक्य निघतं: “हा कुठला न्याय?” मग एकेक करून बाकीचे प्रश्न येतात. पुनर्जन्माचे, बौद्ध धर्माचे, हायामे या स्त्रीपात्राचे, घरातल्या मुलांच्या हाती हे पुस्तक द्यावं की नाही याचे. ते सगळे इथे एकत्र घेतले आहेत. शेवट न सांगता यातल्या निम्म्या प्रश्नांना उत्तरच देता येत नाही. तेव्हा ज्यांना कथा कोरी वाचायची आहे त्यांनी पहिल्या तीन प्रश्नांपाशी थांबावं.

या खंडात आहे तरी काय?

आठव्या शतकातला जपान. राजधानी नारा. दुष्काळ, रोगराई आणि करांनी लोक पिचलेले, आणि त्याच वेळी दरबाराने बुद्धाची प्रचंड कांस्यमूर्ती ओतायला काढलेली. या काळात दोन माणसं समोरासमोर येतात. गाओ हा एका डोळ्याचा, एका हाताचा दरोडेखोर. अकानेमारू हा तरुण, देखणा, गुणी मूर्तिकार. पहिल्याच भेटीत गाओ त्याचा उजवा हात कायमचा निकामी करून टाकतो. कारण विचाराल तर एवढंच, की समोरच्याला दोन धड हात आहेत हे त्याला बघवत नाही. तिथून पुढे दोघांची आयुष्यं वेगवेगळ्या वाटांनी जातात आणि एका स्पर्धेत पुन्हा भेटतात.

टेझुकांच्याच कंपनीच्या ‘कॉम’ मासिकात १९६९-७० मध्ये हा भाग क्रमशः आला. जपानीत याचं नाव ‘हो-ओ हेन’. ‘कर्म’ हे इंग्रजी आवृत्तीचं नाव, आणि भारतीय वाचक यालाच ओळखतो.

आधीचे खंड वाचलेच पाहिजेत का?

नाही. इंग्रजीत मालिकेचे बारा खंड आहेत आणि जवळपास प्रत्येक खंड स्वतंत्र वाचता येतो. रचना मात्र मोठी गमतीची आहे. एक खंड दूरच्या भूतकाळात, पुढचा दूरच्या भविष्यात, आणि दोन्ही टोकं हळूहळू वर्तमानाकडे सरकत येतात. पहिला ‘पहाट’ राणी हिमिकोच्या काळातला, दुसरा ‘भविष्य’ थेट इसवी सन ३४०४ मधला. सगळे धागे जिथे जुळायचे होते तो वर्तमानातला खंड कधी आलाच नाही, कारण ९ फेब्रुवारी १९८९ ला टेझुका गेले.

मला विचाराल तर ‘कर्म’पासूनच सुरुवात करा. आवडला तर ‘पहाट’, आणि मग ‘भविष्य’.

मुलांना द्यावा का?

दहा-बारा वर्षांच्या मुलाच्या हाती देऊ नका. चित्रं गोलमटोल आहेत, डोळे टपोरे आहेत, त्यामुळे आजीआजोबा वाढदिवसाची भेट म्हणून सहज उचलतात. आत खून आहेत, अपहरण आहे, छळ आहे, जिवंतपणी पुरून घेणारा भिक्खू आहे. नववी-दहावीच्या पुढच्या, वाचनाची सवय असलेल्या मुलांना चालेल. पण घरातल्या कुणीतरी आधी वाचलेला असावा, कारण ती वाचून झाल्यावर प्रश्न विचारतात आणि तेव्हा “मी नाही वाचलं” हे उत्तर पुरत नाही.

गाओने इतके मुडदे पाडले तरी त्याला अखेर ज्ञान मिळतं, आणि अकानेमारू, ज्याने कुणाचं वाकडं केलं नव्हतं, तो आगीत जळून मरतो. हा कुठला न्याय?

न्याय नाहीच. चिडलेला वाचक इथे पुस्तक बरोबर वाचतो आहे. “कर्माचा सिद्धांत असाच असतो” म्हणून त्याची समजूत घालणारे मला जास्त खटकतात.

गाओची सुरुवात बघा. बाळ जन्मलं म्हणून आनंदात बाप त्याला डोंगरावरच्या देवाच्या पायावर घालायला निघतो. पाय घसरतो. बाप मरतो, पोराचा एक डोळा आणि एक हात जातो. बस. यामागे कुणाचं पाप नाही, कुणाचा शाप नाही. सगळ्या दुःखाची सुरुवात एका घसरलेल्या पायातून, तीही देवदर्शनाच्या वाटेवर. गावातली पोरं त्याला चिडवतात, आणि एक दिवस तो मारायला लागतो तो थांबतच नाही.

अकानेमारूची गोष्ट याच्या उलट दिशेने जाते. उजवा हात गेल्यावर तो डाव्या हाताने कोरायला शिकतो, आणि त्या दिवसांत त्याच्याइतका निर्मळ माणूस सबंध पुस्तकात दुसरा नाही. मग दरबाराची नजर त्याच्यावर पडते. आधी जिवाच्या धमकीवर काम, नंतर मानमरातब, शेवटी महाबुद्धाच्या प्रकल्पावरची मोठी जागा. कुठल्या पानावर तो बिघडला हे बोट ठेवून सांगता येत नाही. मी दोन-तीनदा मागे जाऊन शोधलं. प्रत्येक तडजोड त्या त्या वेळी रास्तच वाटते.

मग ती स्पर्धा. तोदाइ-जी मंदिरासाठी ओनिगावारा घडवायचा आहे, म्हणजे छपराच्या आढ्याच्या टोकाला बसवतात ते राक्षसमुखाचं कौल. आपल्या देवळांच्या उंबऱ्यावर कीर्तिमुख असतं, त्याचा हा लांबचा भाऊ म्हणा. अकानेमारूचं काम सफाईदार, तोललेलं, कुठे खोट काढायला जागा नाही. गाओच्या कौलातून मात्र आयुष्यभराचा राग बाहेर पडू बघतो आहे: दात, फुगलेल्या शिरा, वटारलेले डोळे. बघणाऱ्यांना कळतं की जिंकलं कोण. आणि तेव्हा अकानेमारू उठून सांगतो, हाच तो खुनी, यानेच माझा हात निकामी केला. जे सांगितलं ते शब्दन् शब्द खरं. शिक्षा म्हणून गाओचा उरलेला हातही कापला जातो.

टेझुका इथे वाचकाला कोंडीत पकडतात. अकानेमारू खोटं बोललेला नाही. गाओला झालेली शिक्षा कायद्याने चुकीची नाही. तरी पान उलटताना आपण गाओच्या बाजूने असतो, आणि ज्यांना त्याने मारलं त्यांचे चेहरे आपल्याला आठवतसुद्धा नाहीत. अस्वस्थ व्हायचं तर याचं व्हावं.

म्हणजे शेवटी वाल्या कोळ्याचा वाल्मीकीच ना?

मराठी वाचक हे हमखास म्हणतो, आणि सुरुवातीला साम्य दिसतंही. पण वाल्याचं वारूळ फुटतं तेव्हा बाहेर ऋषी येतो, त्याच्या हातून महाकाव्य होतं, जग त्याला वंदन करतं. गाओला यातलं काही मिळत नाही. सुधारल्यानंतर त्याचा दुसरा हात जातो.

त्यापेक्षा अंगुलीमालाची कथा जास्त जवळची. ती पाली साहित्यात मज्झिम निकायात आहे. दरोडेखोर अंगुलीमाल भिक्खू होतो, राजा प्रसेनजितही त्याला अभय देतो, इथपर्यंत सगळ्यांना ठाऊक असतं. पुढचा भाग सांगताना बरेच जण गाळतात. अर्हत झाल्यानंतर तो श्रावस्तीत भिक्षेला जातो तेव्हा लोकांनी दुसरीकडे भिरकावलेले दगड-काठ्या त्याला लागतात. डोकं फुटलेलं, भिक्षापात्र फुटलेलं, चीवर फाटलेलं अशा अवस्थेत तो परत येतो. बुद्ध त्याला सोसायला सांगतात. आतून माणूस बदलला म्हणून बाहेरचे दगड थांबत नाहीत. ‘कर्म’चा शेवटचा एक-तृतीयांश भाग याच जातीचा आहे.

पुनर्जन्म, गेल्या जन्मीचं पाप... आम्ही आंबेडकरी घरातले. हे आम्हाला कसं पटावं?

हा प्रश्न महाराष्ट्रातच इतक्या पोटतिडकीने विचारला जातो आणि तो योग्यच आहे. १९५६ ला नागपुरात दीक्षा घेतलेल्या समाजाला ‘मागच्या जन्मीचे भोग’ हे वाक्य कुणी, कशासाठी ऐकवलं होतं ते पक्कं ठाऊक आहे. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’मध्ये आत्म्याचं एका देहातून दुसऱ्यात जाणं नाकारलं. माणसाची आजची हलाखी त्याच्या पूर्वजन्मीच्या कर्माने ठरते, ही समजूत बुद्धाच्या विचाराशी जुळत नाही असंच त्यांचं म्हणणं होतं.

हे मनात ठेवून ‘कर्म’ वाचायला घेतलंत तर एक गोष्ट लगेच दिसेल. गाओचं अपंगत्व कुठल्याही पूर्वजन्माशी जोडलेलं नाही. टेझुकांना ते जोडणं सहज शक्य होतं, सबंध मालिकाच पुनर्जन्मांची आहे. तरी त्यांनी तिथे घसरलेला पाय ठेवला. या खंडापुरतं बोलायचं तर कर्म म्हणजे हाताने केलेलं काम आणि त्याचे दुसऱ्यांवर, आपल्यावर झालेले परिणाम. जन्माने मिळालेल्या दुःखाचं स्पष्टीकरण म्हणून ते वापरलेलं नाही.

पण सबंध मालिकेची सफाई मी देणार नाही. गाओ ज्या मोठ्या नाकाच्या सारुता कुळातला, त्याला मिळालेल्या शापाची गोष्ट ‘अवकाश’ खंडात आहे, आणि तिथे पिढ्यान् पिढ्यांना कुरूपतेची शिक्षा ही कल्पना सरळ येते. ती मला आवडत नाही. गंमत अशी की ‘अवकाश’ घडतो २५७७ मध्ये आणि गाओ जगतो आठव्या शतकात. कारण नंतर, परिणाम आधी. हिशेबाची वही मांडणाऱ्याने तारखा तरी जुळवल्या असत्या.

फिनिक्स अकानेमारूला सांगतो की तू पुन्हा कधीच माणूस म्हणून जन्मणार नाहीस. असा निवाडा करणारा हा पक्षी कोण?

बौद्ध मताने बघायचं तर हे बसत नाही. कर्माचा नियम चालतो तो कुणी न्यायाधीश न बसवता, आणि कुठलीही योनी कायमची नसते. नरकसुद्धा संपतो. ‘पुन्हा कधीच नाही’ हे शब्द बुद्धवचनापेक्षा एखाद्या संतापलेल्या देवाच्या तोंडी जास्त शोभतील.

त्या प्रसंगाची धार मात्र खरी आहे. अकानेमारूला आधी स्वप्नांत दिसलेलं असतं की आपण पाण्यातला सूक्ष्म जीव होतो, कासव होतो. तेव्हा त्या दर्शनाने तो नम्र झाला होता. मरताना तेच त्याला शिक्षा म्हणून ऐकायला मिळतं. माझा सल्ला असा: फिनिक्सला बुद्ध समजू नका, देवही समजू नका. मालिकेत तो पक्षी कधी मायाळू असतो, कधी निष्ठुर, आणि अमरत्वाच्या हव्यासाने त्याच्यामागे लागलेल्या जवळजवळ प्रत्येकाचं वाटोळं होतं. त्याचं बोलणं अंतिम सत्य म्हणून घेतलं की पुस्तक लहान होतं.

हायामेचं काय? नायकाला शहाणपण यावं म्हणून एका बाईचा जीव?

हा आक्षेप मला मान्य आहे.

ज्यांना प्रसंग अंधूक आठवतो त्यांच्यासाठी: माणसं मारून निघालेला गाओ वाटेत एका ढालकिड्याला वाचवतो. लाल पाठ, काळे ठिपके, शेतकऱ्यांच्या ओळखीचा, मावा खाणारा तोच तो. इतक्या क्रूर माणसाच्या हातून झालेली एवढीशी दया. पुढे हायामे त्याच्या आयुष्यात येते. तो तिला जबरदस्तीने नेतो, तरी ती त्याची सेवा करते. त्याचं नाक सुजायला लागतं तेव्हा हिनेच विष लावलं असा संशय घेऊन तो तिला मारतो. मग कळतं की ती म्हणजे तोच ढालकिडा, उपकार फेडायला माणूस होऊन आलेली.

उपकाराची परतफेड करणारा प्राणी बायको होऊन येतो, हा जपानी लोककथांचा जुना साचा आहे. तिथून तो उचलला आहे हे कळतं. पण हायामेला स्वतःचं मन म्हणून काही दिलेलं नाही. ती फक्त सोसते आणि मरते. गाओच्या पश्चात्तापाला पानंच्या पानं आहेत, तिच्या भीतीला एखादी चौकट. अकानेमारूबरोबर फिरणारी बुची त्या मानाने बरी, निदान तिला तोंड आहे, ती भांडते.

रोबेन स्वतःला पुरून घेतात ती संजीवन समाधी का?

आळंदीची आठवण येणं साहजिक आहे, पण भाव निराळा. ज्ञानेश्वरांची समाधी आपल्याकडे पूर्णत्व म्हणून गायली जाते. मांगातले रोबेन, गाओला सोबत घेऊन हिंडणारे त्याचे गुरू, हताश झालेले आहेत. महाबुद्धासाठी लोकांकडून पैसा गोळा करण्यात आपण आयुष्य घातलं आणि सत्तेने त्याचं राजकारण केलं, हे उमगलेला म्हातारा भिक्खू अन्नपाणी सोडून जमिनीखाली बसतो. गाओला ते कळतं तेव्हा तो आधी आकांत करतो आणि मग कोरायला बसतो. त्याच्या कलेची सुरुवात ध्यानातून झालेली नाही, संतापातून झाली आहे. या खंडात मला सर्वांत मोलाची वाटते ती ही गोष्ट.

जिवंतपणी असं ‘सोकुशिन्बुत्सु’ होण्याची प्रथा जपानात खरोखर होती, मुख्यतः उत्तरेकडच्या यामागाता भागात, पण बरीच नंतरच्या शतकांत. आणि इतिहासातले रोबेन मूर्तीच्या प्रतिष्ठेनंतरही वीसेक वर्षं जगले, ७७३ मध्ये वारले.

मग इतिहास किती आणि कल्पना किती?

गाओ आणि अकानेमारू काल्पनिक. भोवतालचा बराचसा पट खरा. ७३५ ते ७३७ च्या देवीच्या साथीने जपानची मोठी लोकसंख्या गेली. सम्राट शोमूने ७४३ मध्ये महाबुद्धाचा आदेश काढला. भिक्खू ग्योकी गावोगाव फिरून वर्गणी आणि माणसं जमवत होता. मंदिराच्या नोंदी कामाला हातभार लावणाऱ्यांची संख्या २६ लाखांवर सांगतात. ताचिबाना नो मोरोए आणि किबी नो माकिबी हे दरबारी पुरुषही इतिहासातले.

७५२ मध्ये मूर्तीचे डोळे उघडण्याचा विधी झाला आणि ज्याच्या हातात कुंचला होता तो भिक्खू भारतीय होता. दक्षिण भारतातून चीनमार्गे ७३६ ला जपानात पोचलेला बोधिसेन. तो कुंचला नाराच्या शोसोइन भांडारात अजून जपून ठेवला आहे.

टेझुका बौद्ध धर्माचे भक्त की टीकाकार?

दोन्ही बाजूंचे वाचक त्यांना आपलं म्हणतात आणि दोघांचीही अडचण होते. सिद्धार्थाच्या जीवनावरची त्यांची ‘बुद्ध’ मालिका १९७२ ते १९८३ अशी अकरा वर्षं चालली. ती वाचून ‘कर्म’कडे आलेल्यांना धक्का बसतो, कारण तिथे निदान मधोमध बुद्ध उभा आहे. इथे आहे फक्त त्याची मूर्ती, आणि ती ओतताना मरणारे मजूर. ‘सूर्य’ खंडात तर टेझुका आणखी पुढे जातात. सातव्या शतकात बौद्ध धर्म राजधर्म म्हणून जपानात येतो तेव्हा त्याची दैवतं गावोगावच्या जुन्या देवांवर चक्क चाल करून जातात, आणि लेखकाची सहानुभूती हरणाऱ्या ग्रामदेवांकडे आहे. माणूस कसा बदलतो यात त्यांना रस होता. धर्म दरबारात गेला की त्यांचा त्याच्यावरचा विश्वास उडायचा. १९४५ ची ओसाकावरची बॉम्बफेक त्यांनी कोवळ्या वयात डोळ्यांनी पाहिली होती. त्याच्या आधीची सगळी वर्षं पवित्र शब्दांच्या नावाने तरुणांना मरायला पाठवण्यात गेलेली. तिथून हा संशय आला असावा असं मला वाटतं.

इतक्या गंभीर प्रसंगात मध्येच विनोद कशाला?

टेझुकांची खोडच ती. काहींना रसभंग वाटतो. मला नाही वाटत. पण पटला नाही तर पान उलटा, पुढे जा.

ॲनिमे बघितला तर चालेल का?

रिनतारो यांनी दिग्दर्शित केलेला १९८६ चा चित्रपट आहे, तासाभराचा. दिसायला सुंदर, पण अकानेमारूची हळूहळू होणारी घसरण एवढ्या वेळात मावत नाही. २००४ च्या टीव्ही मालिकेत हा खंड घेतलेलाच नाही.

यापेक्षाही काळं काही आहे का?

हा प्रश्न विचारणारे भेटतात खरे. त्याच १९७० मध्ये जॉर्ज आकियामांची ‘आशुरा’ सुरू झाली. दुष्काळ, प्रेतं, भुकेने वेडी झालेली आई आपल्याच तान्ह्या बाळाला आगीत टाकते तिथून प्रारंभ. आणि हे छापून आलं मुलांच्या साप्ताहिकात. कानागावा प्रांताने तो अंक मुलांसाठी घातक ठरवून त्यांना विकायला बंदी केली. नाव असुरावरूनच. पुढे २०१२ मध्ये त्यावर ॲनिमेशनपटही निघाला.

पण माझं मत विचाराल तर ‘फिनिक्स’मध्येच ‘विचित्र जीव’ हा छोटा खंड शोधा. साकोनोसुके ही बापाने मुलगा म्हणून वाढवलेली मुलगी. बाप क्रूर आहे, आजारी आहे, आणि एक भिक्खुणी त्याला बरं करणार आहे. तो बरा होऊ नये म्हणून ही त्या भिक्खुणीला मारते. मग तिला त्या मठातून बाहेरच पडता येत नाही. बाहेर काळ तीस वर्षं मागे गेलेला असतो, आजारी माणसं दारात येऊ लागतात, मग भुतंखेतंही येतात, आणि ती सगळ्यांवर उपचार करत राहते. तिला हळूहळू समजतं की आपण जिला मारलं ती भिक्खुणी आपणच होतो, आणि ठरलेल्या रात्री एक तरुण साकोनोसुके तलवार घेऊन येणार आहे. रक्त फार नाही, आरडाओरडा नाही. दोन बैठकांत वाचून होतो.

शेवटी गाओचं पुढे काय होतं?

‘कर्म’च्या अखेरीस दोन्ही हात गेलेला गाओ डोंगरात निघून जातो आणि तोंडात छिन्नी धरून कोरत राहतो. पण तो मालिकेतून जात नाही. ‘यादवी’ खंडात, बाराव्या शतकातल्या तायरा-मिनामोतो युद्धाच्या वेळी, कुरामा डोंगरावर एक अतिवृद्ध माणूस राहतो. लोक त्याला तेंगू समजतात, म्हणजे लांब नाकाचा डोंगरातला भूत. त्याने उशिवाका नावाच्या एका मुलाला वाढवलेलं असतं. ते लांब नाक ओळखायला वेळ लागत नाही. तो पोरगा पुढे इतिहासप्रसिद्ध योद्धा मिनामोतो नो योशित्सुने होतो, आणि टेझुकांनी रंगवलेला योशित्सुने फारसा चांगला माणूस नाही.